मराठी पुस्तक, छपाई आणि डिजिटल तंत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात गेली पंचवीस वर्षं पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते. माझ्याकडे लेखक येतात, वाचनालयांचे कार्यवाह येतात, निवृत्तीनंतर पहिलं पुस्तक काढणारे शिक्षक येतात, परदेशात असलेल्या नातवंडांना मराठी पुस्तक कसं पाठवावं हे विचारणारे आजी-आजोबा येतात. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण नेमक्या त्याच जागी लोकांचं नुकसान होताना मी पाहिलं आहे.

छापील पुस्तक आता संपणार का?

नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या कामावरून सांगते. पुस्तकं पूर्वीइतकीच येतात. बदललं आहे ते एका वेळी किती छापायची याचं गणित.

मी या कामात आले तेव्हा मराठी पुस्तकाची आवृत्ती म्हणजे हजार किंवा अकराशे प्रती, असं ठरूनच गेलेलं होतं. त्याहून कमी छापणं परवडतच नसे. मग ते गठ्ठे प्रकाशकाच्या गोदामात, आणि पुस्तक पदरमोड करून काढलेलं असेल तर लेखकाच्या पलंगाखाली. चार-पाच वर्षांनी शेवटचा गठ्ठा सुटला, की प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीचा विचार करणार. पुन्हा हजार छापायची हिंमत झाली नाही, तर ते पुस्तक बाजारातून कायमचं गेलं. कितीतरी चांगली मराठी पुस्तकं अशीच नाहीशी झाली. वाचक होते, पण एकदम हजार नव्हते.

आता तीनशे छापतात, शंभर छापतात. संपली की वीस-तीस पुन्हा काढतात. त्यामुळे पुस्तकाची मूळ प्रत आता कपाटात नसते, ती संगणकातल्या मजकुरात असते. छापील प्रत, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक ही सगळी त्या मजकुराची रूपं. मजकूर नीट असेल तर पुस्तक केव्हाही पुन्हा उभं राहतं. खालची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

ऑफसेटवर छापू की डिजिटल यंत्रावर?

हिशेब करून ठरवा. डेमी आकाराचं १६० पानांचं पुस्तक घ्या. फर्मा म्हणजे एका कागदावर एकदम छापून मग दुमडायची पानं. सोळा पानी फर्म्याने त्याचे १० फर्मे होतात. एका फर्म्याच्या दोन बाजूंच्या दोन प्लेटा (ज्यांवरून पानं छापतात ते पत्रे), म्हणजे २० प्लेटा. मुखपृष्ठ चार रंगांत, त्याच्या ४. अशा २४ प्लेटा बनवायच्या, यंत्रावर लावायच्या, शाई जुळेपर्यंत काही कागद वाया जाणार. हा खर्च एक प्रत छापा नाहीतर हजार छापा, तेवढाच. नुसत्या हिशेबासाठी तो १५,००० रुपये धरू. हजार प्रती छापल्या तर प्रतीमागे १५ रुपये पडतात, तीनशे छापल्या तर ५० आणि तीसच छापल्या तर ५००.

डिजिटल यंत्राला प्लेट लागत नाही. फाइल दिली की पानं बाहेर. पहिल्या प्रतीला जो खर्च तोच शंभराव्या प्रतीला. पण तो प्रतीमागचा खर्च ऑफसेटच्या मोठ्या आवृत्तीपेक्षा जास्त असतो. म्हणून थोड्या प्रतींना डिजिटल, जास्त प्रतींना ऑफसेट. मध्ये कुठेतरी, तीनशे ते पाचशेच्या आसपास, दोन्ही बाजूंचं दरपत्रक मागवून पाहावं.

आणि बांधणी विचारा! थोड्या प्रती छापताना बहुतेक ठिकाणी पानांचे कणे कापून नुसता गरम गोंद लावतात. पुस्तक दिसतं छान, पण वाचनालयात चार हात फिरलं की मधली पानं सुटतात. फर्मे शिवून केलेली बांधणी महाग पडते, तरी कोश, चरित्र, स्वयंपाकाचं पुस्तक अशा पुन्हा पुन्हा उघडल्या जाणाऱ्या पुस्तकांना शिलाईच हवी.

यंत्रामुळे मराठी पुस्तक बदलतंय, हे पहिल्यांदाच घडतंय का?

मुळीच नाही. भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला, १५५६ साली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. मराठी ओव्यांचा एवढा मोठा ग्रंथ, पण छापला रोमन अक्षरांत, कारण देवनागरी खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरांचे ठसे, नव्हतेच. भाषा आपली आणि यंत्राला लिपी येत नाही, ही अडचण चारशे वर्षं जुनी आहे.

पुढे बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरीत छापलं गेलं. मुंबईत गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी यांनी ही कला आपल्या हातात घेतली. जावजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ चा. त्यांच्या खिळ्यांचं वळण इतकं देखणं होतं, की संस्कृत ग्रंथ छापणाऱ्यांसाठी तो मापदंड ठरला. छापलेली पोथी अपवित्र, कारण शाईत चरबी असते, अशी त्या काळी लोकांना शंका होती. म्हणून धार्मिक ग्रंथांसाठी तुपातली शाई वापरली जायची, असं सांगतात. आज पडद्यावर ज्ञानेश्वरी वाचायला कचरणाऱ्या आजोबांना मी ही गोष्ट नेहमी सांगते.

माझं पुस्तक १९९८ साली छापलं होतं. पेजमेकरची फाइल सीडीवर आहे. ती उघडली की भलतीच चिन्हं दिसतात. पुस्तक गेलं का?

गेलं नाही, पण काम आहे. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो.

नव्वदीच्या दशकात खिळे जुळवणारे जुळारी गेले आणि डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, आलं. पण तेव्हाच्या मराठी फॉन्टांनी एक युक्ती केली होती. संगणकाच्या आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी ‘क’, ‘ख’, मात्रा, वेलांटी यांची चित्रं दाखवायचा. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, प्रत्येकाची जुळवणी वेगळी. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसेल तर मुखवटा उतरतो आणि खालची अगम्य चिन्हं दिसतात. तुमची फाइल बिघडलेली नाही. तिच्यात मराठी मजकूर कधी नव्हताच, मराठीची चित्रं होती.

युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात ‘क’ला जगभर एकच क्रमांक आहे. फॉन्ट बदला, यंत्र बदला, ‘क’ हा ‘क’च राहतो. देवनागरी युनिकोडमध्ये पहिल्यापासून, १९९१ पासून आहे. पण पानं मांडायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नव्हतं आणि त्यानंतरच्या इनडिझाइनमध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट बसायला २०१२ उजाडलं. त्यामुळे मराठी प्रकाशनव्यवसाय वीस वर्षं त्या जुन्या फॉन्टांतच राहिला, आणि त्या वीस वर्षांतली हजारो पुस्तकं आज अशा फाइलींत अडकली आहेत.

करायचं असं. आधी फॉन्टचं नाव शोधा. ते फाइलमध्ये असतं, नसेल तर जुन्या डीटीपीवाल्याला विचारा. मग त्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारं साधन वापरून मजकूर काढा. आणि मग, इथे कोणीही टाळाटाळ करू नये, छापील प्रत शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. रूपांतर नव्व्याण्णव टक्के बरोबर येतं आणि उरलेला एक टक्का पुस्तकाची अब्रू घालवतो.

असं काय बिघडतं त्या एका टक्क्यात?

माझाच अनुभव सांगते. सह्याद्रीतल्या भटकंतीचं एक जुनं पुस्तक आम्ही युनिकोडमध्ये आणलं. घाई होती. शब्दतपासणी लावली, लाल रेषा आली नाही, मी दोनच प्रकरणं ताडून पाहिली आणि बाकीची सोडून दिली. तीनशे प्रती छापून आल्या. लेखकांनी चाळीसावं पान उघडून माझ्यासमोर धरलं. ‘सह्याद्रीच्या दर्या’. पुस्तकभर. दऱ्यांचा दर्या झाला होता. दोन्ही शब्द खरे, म्हणून तपासणीने काही पकडलं नाही. त्या काकांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

हा अर्धा र, म्हणजे ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मधला, मराठीचं खास लेणं आहे. हिंदीला त्याची गरज नाही, त्यामुळे बाहेर बनलेल्या साधनांत तो हमखास हरवतो. आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांतला फरक त्या एका चिन्हावर उभा आहे. एकाला जेवण सांगायचं, दुसऱ्याला नमस्कार करायचा.

आणखी एक आतली गोष्ट. हा ‘ऱ्य’ संगणकात दोन पद्धतींनी लिहिला जातो. एकात ‘ऱ’ हे टिंबवालं वेगळं अक्षर वापरतात, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. पण शोधताना यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ई-पुस्तकात वाचकाने ‘वाऱ्यावर’ शोधलं आणि मजकुरात दुसरी पद्धत असली, तर उत्तर येणार ‘सापडलं नाही’. ‘ॲ’चंही तसंच. तो एकसंध अक्षर म्हणून लिहिता येतो आणि ‘अ’वर चंद्र ठेवूनही. म्हणून फाइल अंतिम करण्याआधी अशा जोड्या शोधून सगळीकडे एकच पद्धत करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

पीडीएफ म्हणजेच ई-बुक ना?

पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटो समजा. पान जसं मांडलं तसंच राहतं. छापखान्याला हेच हवं असतं. पण तेच पान मोबाइलवर आलं की अक्षरं मुंगीएवढी होतात आणि वाचक ओळ वाचायला पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसतो.

ईपब हा ई-पुस्तकाच्या फाइलचा प्रकार. त्यात मजकूर वाहता असतो. पडद्याच्या मापाने ओळी पडतात, वाचक अक्षर मोठं करू शकतो, पार्श्वभूमी काळी करू शकतो. साठीपुढच्या वाचकांसाठी हे फार मोलाचं आहे. माझ्या आईने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीचे आठ महिने टॅबवर अक्षर बोटाएवढं करून वाचन चालू ठेवलं.

बालकवितांचं चित्रमय पुस्तक, नकाशे, तक्ते यांना पीडीएफच बरी. कादंबरी, कथा, चरित्र, वैचारिक लेखन यांना ईपब.

किंडलवर स्वतःचं मराठी पुस्तक टाकता येतं का?

येतं. अॅमेझॉनने किंडलवर मराठी ई-पुस्तकं २०१६ च्या अखेरीस आणली आणि लेखक स्वतः त्यांच्या केडीपी (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग) या सेवेतून मराठी पुस्तक टाकू शकतो. खातं फुकट. मजकूर युनिकोडमध्येच हवा. स्वामित्वधन (रॉयल्टी) ३५ किंवा ७० टक्के असतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्टमध्ये नाव नोंदवावं लागतं, आणि त्या मुदतीत तेच ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही, अगदी स्वतःच्या संकेतस्थळावरही, देता येत नाही. ही अट न वाचता होकार देणारे पुष्कळ भेटतात.

मराठीपुरतं बोलायचं तर बुकगंगासारखं दालन छापील आणि ई-पुस्तक दोन्ही विकतं. पैशांची अपेक्षा नसेल आणि फक्त वाचक हवे असतील, तर ई साहित्य प्रतिष्ठान वर्षानुवर्षं विनामूल्य मराठी ई-पुस्तकं काढत आलं आहे.

पण एक मनापासून सांगते. प्रकाशकाला वगळलं की संपादकही वगळला जातो, आणि मुद्रितशोधकही. ते काम मग कोणी तरी केलंच पाहिजे. बटण दाबून पुस्तक प्रसिद्ध करणं सोपं झाल्यापासून मी जितकी कच्ची पुस्तकं पाहिली, तितकी आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून पाहिली नव्हती. मुखपृष्ठावर खर्च करता, त्याच्या निम्मा तरी संपादनावर करा.

ई-पुस्तक विकत घेतलं की ते माझंच झालं ना?

कागदी पुस्तकाच्या अर्थाने नाही. बहुतेक दालनांत तुम्ही वाचण्याचा परवाना घेता. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने एका जगप्रसिद्ध इंग्रजी कादंबरीच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकल्या होत्या. त्या प्रती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, आणि अॅमेझॉनने नंतर माफीही मागितली, पण असं करता येतं हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मैत्रिणीला वाचायला देणं, वाचनालयाला भेट देणं, मुलांसाठी ठेवून जाणं, हे हक्क कागदी प्रतीसोबतच येतात. म्हणून मी स्वतः प्रवासातलं वाचन पडद्यावर करते, आणि जे पुस्तक पुन्हा वाचणार हे ठाऊक असतं ते कागदावर घेते.

प्रकाशकाशी माझा करार जुना आहे. ई-बुकचे आणि ऑडिओचे हक्क कोणाचे?

करार काढून शांतपणे वाचा. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने एक महत्त्वाची तरतूद आली. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात वापरात नव्हतं, ते करारात स्पष्टपणे लिहिलेलं नसेल तर त्याचे हक्क त्या करारातून जात नाहीत. तुमचा करार त्या दुरुस्तीच्या आधीचा असेल तर मात्र वकिलाला दाखवूनच पुढे जा.

त्याच कायद्यात आणखी काही लेखकाच्या बाजूच्या गोष्टी आहेत. हक्क किती काळासाठी दिले ते लिहिलेलं नसेल तर मुदत पाच वर्षं धरली जाते. कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल तर फक्त भारत. आणि दिलेले हक्क एका वर्षात वापरले गेले नाहीत, तर उलट काही ठरलेलं नसल्यास ते लेखकाकडे परत येतात.

नवा करार करताना छापील, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, भाषांतर आणि दृक्-श्राव्य रूपांतर यांचे हक्क वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या, प्रत्येकाची मुदत आणि टक्केवारी वेगळी. ‘सर्व माध्यमे, अस्तित्वात असलेली व भविष्यातील’ असं वाक्य दिसलं तर सही करण्याआधी थांबा. आणि पुस्तकाची अंतिम युनिकोड फाइल लेखकाला मिळेल, हे एक कलम आवर्जून घाला. प्रकाशनसंस्था बंद पडतात, संगणक बिघडतात. फाइल तुमच्या घरी असली तर पुस्तक वाचतं.

आयएसबीएन किती रुपयांना मिळतो? जीएसटी किती?

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, भारतात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. कोणी त्याचे पैसे मागत असेल तर ते अर्ज भरून देण्याची मजुरी मागत आहेत, एवढं ओळखून असा. छापील आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळा क्रमांक लागतो.

छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर २०१८ पासून ५ टक्के, आणि तोही त्याची छापील आवृत्ती असेल तरच. फक्त पडद्यावरच असलेल्या पुस्तकाला ही सवलत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. जे पुस्तक छापायची ऐपत नसलेला लेखक काढतो, नेमकं त्याच्याच वाचकाला जास्त कर पडतो.

व्हॉट्सॲपवर पुस्तकाची पीडीएफ आली. वाचली तर काय बिघडलं?

पुस्तक २५० रुपयांचं असेल आणि लेखकाला दहा टक्के मिळत असतील, तर प्रतीमागे २५ रुपये. तीनशे प्रतींची आवृत्ती अख्खी विकली गेली तर साडेसात हजार. तीन-चार वर्षांच्या लेखनाचे. साडेतीनशे माणसांच्या एका गटात ती पीडीएफ पडली की आवृत्तीएवढे वाचक त्या एका क्षणात गेले.

अशी पीडीएफ पसरवणं कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये एका प्रकरणात टेलिग्रामला, पुस्तकांच्या चोरट्या प्रती पसरवणाऱ्या चॅनेलवाल्यांची माहिती द्यायला लावली. म्हणजे आडोसा वाटतो तेवढा पक्का नाही.

पीडीएफ पाठवणारे बहुतेक लोक चोरीच्या भावनेने पाठवत नाहीत. ‘छान पुस्तक आहे, सगळ्यांनी वाचावं’ म्हणून पाठवतात. त्यांना रागावण्यापेक्षा एक साधी गोष्ट सुचवा. फाइलऐवजी मुखपृष्ठाचा फोटो आणि पुस्तक कुठे मिळतं ते पाठवा. आमच्या सोसायटीच्या गटात दोन वर्षांपूर्वी हे सुरू केलं. आता दर महिन्याला एक जण सगळ्यांच्या मागण्या घेतो आणि अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं एकदम घेऊन येतो.

हक्क संपलेली पुस्तकं मात्र खुशाल वाटा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं, आणि म्हणूनच ‘श्यामची आई’ आज कितीतरी प्रकाशकांकडून निघते. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजायचा, हे विसरू नका. याशिवाय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत आणि मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो.

ऐकण्याच्या पुस्तकांमुळे वाचन कमी होतंय का?

स्टोरीटेल हे ध्वनिपुस्तकांचं ॲप २०१७ च्या अखेरीस भारतात आलं ते मराठी घेऊनच. तेव्हापासून मी पाहते, जे ऐकतात ते बहुतेक आधी काहीच वाचत नव्हते किंवा वाचणं सुटलेलं होतं. पोळ्या लाटताना, लोकलमध्ये उभं राहून, पुणे–मुंबई गाडी चालवताना वाचता येत नाही, ऐकता येतं. कीर्तनाच्या आणि ओवीच्या भाषेला ऐकणं परकं कसं असेल?

लेखकांनी ध्वनिपुस्तकाचा निवेदक ठरवताना आपलं मत जरूर सांगावं. मालवणी संवाद पुणेरी सुरात वाचले की पात्र मरतं.

अंध वाचकांसाठी काय झालं आहे?

डिजिटल तंत्राने सगळ्यात मोठा न्याय इथे केला, आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. अपंग वाचकांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून देण्यासाठी आपल्या कायद्यात २०१२ पासून हक्कधारकाच्या परवानगीची अट नाही. याच विषयावरच्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला मान्यता देणारा भारत २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं.

पण वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला खरा मजकूर लागतो. जुन्या फॉन्टमधली फाइल दिली की ते असंबद्ध इंग्रजी चिन्हं बडबडतं, स्कॅन केलेली पीडीएफ दिली की गप्प बसतं. दृष्टिहीन असलेला एक विद्यार्थी एमएच्या अभ्यासाची पुस्तकं मागायला माझ्याकडे आला होता. सातपैकी दोनच पुस्तकं युनिकोडमध्ये होती. उरलेली पाच त्याच्या आईने वर्षभर मोबाइलमध्ये वाचून ध्वनिमुद्रित केली. त्या पाचांपैकी तीन पुस्तकांच्या फाइली प्रकाशकांकडे होत्या. फक्त रूपांतर करायचं राहिलं होतं.

आमच्या गावच्या वाचनालयाने ई-पुस्तकांवर पैसे घालावेत का?

आधी सूची संगणकावर आणा, युनिकोडमध्ये. राज्यात अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि त्यांत असं एखादं पुस्तक असतं जे दुसरीकडे कुठेच उरलेलं नसतं. ते तिथे आहे हे बाहेर कोणाला कळत नाही. त्यानंतर पैसे उरले तर एक बरा स्कॅनर घ्या. वर्गणी भरून घेतलेली ई-पुस्तकं वर्गणी थांबली की जातात. कपाटातलं पुस्तक जात नाही.

पुस्तक ऑनलाइन विकलं तर टपालखर्चातच नफा जातो. काय करावं?

खरं आहे. रजिस्टर्ड बुक पोस्टची सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा छोट्या प्रकाशकांचे फार हाल झाले. मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून. कुरियरपेक्षा सावकाश जातं, पण पुस्तकाला घाई नसते. कवितासंग्रहाचं वजन ३०० ग्रॅमच्या आत बसेल असा कागद निवडणं आता आम्ही छपाईआधीच पाहतो. अमेरिकेत, युरोपात राहणाऱ्या वाचकाला मात्र ई-पुस्तकच द्या. तिथे टपालखर्च पुस्तकाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

एआयकडून भाषांतर किंवा मुद्रितशोधन करून घेतलं तर?

पहिला हात फिरवायला घ्या, शेवटचा नको. ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेले अनुस्वार बऱ्यापैकी पकडले जातात. पण ‘तो घरी आला नि’ मधला ‘नि’ ते ‘आणि’ करतं, वऱ्हाडी बोलीला अशुद्ध समजून प्रमाण करतं, आणि कवितेतली मुद्दाम मोडलेली ओळ सरळ करतं. केडीपीवर मजकूर यंत्राने तयार केला असेल तर तसं सांगावं लागतं. वाचकालाही सांगावं, असं मला वाटतं.

घरात पणजोबांचं १९२० च्या आसपासचं पुस्तक आहे. पानांचा भुगा होतोय. मी स्वतः स्कॅन करू का?

करा, आणि पावसाळ्याआधी करा. कण्यावर जोर देऊन पुस्तक सपाट उघडू नका. नव्वद अंशांत उघडून एक बाजू पुस्तकांच्या थप्पीला टेकवा आणि खिडकीजवळ सकाळच्या उजेडात मोबाइलने वरून सरळ फोटो घ्या. फ्लॅश नको, पिवळ्या कागदावर चमक येते. आधी सगळी उजवी पानं, मग सगळी डावी. सपाट स्कॅनर वापरत असाल तर किमान ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) ठेवा.

त्यातून मजकूर काढायला ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, मिळतं, मराठीलाही. ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, ‘ख’चा ‘रव’ होतो, ते हातानेच सुधारायचं. लेखकाचं मृत्युवर्ष शोधून ६० वर्षं मोजा. हक्क संपलेले असतील तर मराठी विकिस्रोतावर द्या, तिथे स्कॅन आणि मजकूर शेजारी-शेजारी ठेवून अनेक जण मिळून ताडून पाहतात. १८६७ पर्यंतच्या मराठी छापील पुस्तकांना दोलामुद्रितं म्हणतात. त्यांतलं काही घरात निघालं तर हात लावण्याआधी एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहालयाशी बोला.

मूळ प्रत रद्दीत देऊ नका. आणि स्कॅन करताना पानं गाळू नका. मुखपृष्ठ, किमतीचं पान, शेवटी असलेल्या औषधांच्या आणि छत्र्यांच्या जाहिराती, पणजोबांनी पेन्सिलीने समासात लिहिलेलं, कोणाला वाचायला दिलं त्याची मागच्या पानावरची यादी, सगळं घ्या.